सलामीची चकती

अख्ख्या इटलीत यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ज्याने आमची लोकरीची गिरणी बंद पाडली, त्यालाही निवडणुकीत गावातून एक मत पडलं. ते कुणाचं, म्हणून बारमध्ये सगळे एकमेकांकडे संशयाने बघायला लागले, तेव्हा मीच म्हणालो, “माझं. पण ऐका तर. गिरणी पुन्हा उघडतो, असं तिघेही उमेदवार म्हणत होते, बंद पाडणारासुद्धा. मला काही उमगेना. वैतागून मी कोऱ्या मतपत्रिकेत सलामीची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती ठेवली, हेही गिळा म्हणून. तिची चरबी पाझरली ती नेमकी त्याच्या चिन्हावर.” “म्हणजे मत डुकराने दिलं,” एर्मेते न्हावी म्हणाला आणि सगळे हसले. गिरणीतली नोकरी गेलेली फिओरेन्झा मात्र हसली नाही. “काका, मतं मीच मोजली,” ती म्हणाली. “एकाही कागदाला डाग नव्हता. त्याच्या चिन्हावर पेन्सिलीची फुली होती, चांगली दाबून केलेली.”