नवा दाणा

चिऊची आई टाकीतल्या माशांना जिवंत अळ्या घालायची. ती गेली, पुढे अळ्यांचं दुकानही बंद पडलं आणि माशांनी उपासच मांडला. नव्या आईच्या जिवाला घोर लागला. भाजीखालचा गॅस बारीक करून ती सारखी टाकीपाशी धावायची, वासाने तरी खातील म्हणून लसणाच्या पाण्यात भिजवलेले विकतच्या कोरड्या खाद्याचे दाणे चिमटीने सोडायची. मासे दाणा तोंडात घेऊन थुंकून टाकायचे.

"हे मेले तर पोरीला कुठल्या तोंडाने सांगू?" ती नवऱ्याला म्हणाली.

आज मात्र एकाने दाणा गिळला. पाठोपाठ बाकीचेही तुटून पडले.

"चिऊ, पळत ये! खाल्लं गं त्यांनी!"

चिऊने येऊन काचेला नाक लावलं, आणि रडवेल्या आवाजात माशांना विचारलं,

"एवढ्यात विसरलात आईला?"