सगळ्यांचं सांगणं एकच

सर्वधर्म परिषदेत काचेच्या खोलीत बसलेल्या दुभाष्याचा घसा पार बसला होता. चारही धर्मगुरूंच्या भाषा वेगळ्या, पण सांगणं एकच: देव एक आहे आणि त्याच्या दारात कुणी आपला-परका नाही. चौथे गुरू बोलायला उठले, तेव्हा भाषांतर दुभाष्याच्या जिभेवर आधीच तयार होतं.

जेवणाची वेळ टळत चालली, तसा अध्यक्षांनी शेवटचा विषय उरकायला घेतला. "एका गृहस्थांची बायको दुसऱ्या धर्माची होती. ती गेली. उद्या आपल्यालाही तिच्या दफनभूमीत, तिच्याशेजारी जागा मिळावी, एवढंच त्यांचं मागणं आहे. काय म्हणता?"

दुभाष्याने बोलणाऱ्याच्या वतीने 'मी' म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्या कामाचा दंडक. त्याने तो पाळला. "मला वाईट वाटतं, पण आमच्यात हे बसत नाही," असं तो एकामागून एक चौघांच्याही वतीने माइकमध्ये बोलला.

"बघा, किती एकमत!" अध्यक्ष खूश झाले. "आता त्या गृहस्थांना कोण कळवणार?"

दुभाष्याने त्याचंही भाषांतर केलं. मग दिवसभरात पहिल्यांदाच त्याने पदरचं घातलं.

"कळलं त्यांना."