उजवीकडचा एक

तेलगावच्या घरात योगिता मोबाइलवर सॉफ्टवेअर कंपनीतल्या नोकरीची मुलाखत देत होती. वर्षातली ही नववी. साहेबांनी विचारलं, "बायनरीत लिहिलेल्या संख्येतला सगळ्यात उजवीकडचा एक बिटवाइज पद्धतीनं कसा शोधाल?"

"संख्येचा आणि तिच्या ऋण संख्येचा अँड घ्यायचा, सर."

"अगदी बरोबर."

तेवढ्यात तिची आई साखराबाई दारातून हळूच म्हणाली, "पानी देऊ का गं?"

साहेबांचा आवाज एकदम बदलला. "शेजारून उत्तरं कोण सांगतंय?"

"सर, माझी आई आहे ती. तिला तर लिहिता-वाचताही..."

तोवर कॉल कटला होता. पुन्हा लावला, तर कुणी उचललाच नाही.

साखराबाई तांब्या घेऊन तशीच उभी होती. "मी मधी बोलले म्हनून का गं?"

"न्हाई माय," योगिता म्हणाली, "माझं उत्तरच चुकलं."