सातवं नाव

सरांच्या नव्या लेखाची संदर्भसूची जर्नलने दुसऱ्यांदा परत पाठवली, आणि सरांनी ती आपल्या संशोधक विद्यार्थिनीच्या गळ्यात मारली. स्वल्पविराम, तिरपी अक्षरं, पानांचे आकडे जुळवता जुळवता तिच्या नाकी नऊ आले. शेवटचा संदर्भ सरांच्याच जुन्या लेखाचा होता. त्यातले सगळे प्रयोग तिने केले होते, पण लेखकांमध्ये तिचं नाव सातवं होतं.

"सर, जर्नल पहिली सहाच नावं घेतंय. नव्या लेखात तर मी नाहीच, निदान इथे तरी राहू द्या ना मला," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"अगं, एका नावापायी लेख पुन्हा परत यायचा. काढ ते."

तिने डोळे पुसले, आपल्याच हाताने आपलं नाव खोडलं आणि नियमाप्रमाणे त्या जागी टाइप केलं,



'आणि इतर'.