चंद्रावरचं पाणी

पडेगावला सईला पाहायला गेलेला हिमांशू छाप पाडायची म्हणून चंद्रावर सापडलेल्या पाण्याची बातमी रंगवून रंगवून सांगत होता.

"तिथं किती दिवसाआड येतं?" सईनं विचारलं.

तेवढ्यात मोरीतला नळ गुरगुरला. आठ दिवसांनी आलेल्या पाण्यापुढं कसला पाहुणा न् कसला यजमान! चहा तसाच टाकून सगळं घर उठलं. कडक इस्त्रीतल्या हिमांशूच्या हाती पाइप आला, आणि पाऊण तास तो एका भांड्यातून दुसऱ्यात सरकवत राहिला. चंद्राचं अर्धवटच राहिलं म्हणून घरी येईपर्यंत तो खट्टू होता.

संध्याकाळी हिमांशूच्या आईला सईच्या आईचा फोन आला. "उमाताई, चंद्राचं काही आम्हाला कळलं नाही बघा. पण टाकीपासून तांब्यापर्यंत सगळं भरलं, पोरानं थेंब सांडला नाही. आमचा होकार आहे."