कुंदाचा ब्रेक

"ड्रम काढून चारही चाकांना डिस्क ब्रेक बसवलेत, मुकुंदकाका. आता पाय ठेवला की गाडी थांबलीच," रफीक मेकॅनिक म्हणाला. "कार्पेटही बदलू का? काकूंच्या बाजूला टाचेनं पार खड्डा पडलाय."

"ते राहू दे."

साठ सालच्या त्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये कुंदा शेजारी बसायची आणि प्रत्येक वळणावर, तिच्या बाजूलाही ब्रेक असावा तशी, टाच दाबून धरायची. "हे ब्रेक बदलून घ्या हो," म्हणायची. ती गेल्यावरही घाट उतरताना रिकाम्या सीटपुढचं कार्पेट तस्संच दबायचं. मुकुंदरावांना तिची धाकधूक बघवेना, म्हणून त्यांनी हे काम काढलं होतं.

संध्याकाळी ते घाट उतरायला लागले. पहिल्या वळणावर नवा ब्रेक अलगद लागला. शेजारचं कार्पेट हललं नाही. पुढच्या वळणावरही नाही.

"कुंदा?" त्यांनी हाक मारली. गाडीत फक्त वारा होता.

उतारावरचं अवघड वळण समोर आलं. मुकुंदरावांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि ते कार्पेटकडे बघत राहिले.