खोकल्याचं मूळ

शरीर कधी खोटं बोलत नाही, असं माझं ठाम मत होतं. मग मला कोरडा खोकला लागला आणि रेडिओवर बातम्या वाचणं अवघड झालं. बायको म्हणाली, “अहो, बातम्या वाचताय की स्कूटर सुरू करताय?” साहेबांनी हिशेब विभागातल्या बाईंना तात्पुरतं माइकसमोर बसवलं. छातीच्या डॉक्टरांनी मला पोटवाल्यांकडे ढकललं, पोटवाल्यांनी घसावाल्यांकडे. घसावाले थेट उजव्या कानात डोकावले. “अहो, घसा इकडे आहे!” मी करवादलो. “कानातली नस डिवचली तरी खोकला येतो,” म्हणत त्यांनी चिमट्याने इयरफोनचं रबरी टोपण बाहेर काढलं. ते हरवलं म्हणून मी ऑफिसात भांडून नवं घेतलं होतं. खोकला जागीच थांबला. मी तडक साहेबांपुढे जाऊन खणखणीत आवाजात म्हणालो, “आज बातम्या मी वाचतो.” साहेब म्हणाले, “राहू द्या. बाईंच्या बातम्या लोकांना समजतात.”